स्नानगृहातील वायुतापक आणि धुराची वाट
वायूच्या ज्योतीस प्राणवायू लागतोच. बंद स्नानगृहात तो अपुरा पडला की ज्वलन अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू उत्पन्न होतो. सिलिंडरातील वायूस मुद्दाम दुर्गंध दिलेला असतो. ह्या विषास मात्र रंग नाही, गंधही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी ते प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक दृढतेने जखडते. त्यामुळे गुदमरल्याची जाणीव होण्यापूर्वीच घेरी येते.

उष्ण धूर वर चढतो. यास्तव तापकाची नळी चढती ठेवून थेट उघड्या हवेत न्यावी. ताजी हवा येण्यास खाली झरोका असावा. (थंडीत तो चिंध्यांनी बुजविणारे सुज्ञही आढळतात!) झरोका बंद असता बाहेर हवा फेकणारा पंखा नळीतील धूर उलट आत ओढतो. तापकच स्नानगृहाबाहेर, मोकळ्या हवेत बसवून आत केवळ ऊन पाण्याचा नळ आणणे सर्वांत उत्तम.