रंग का धरत नाही?

प्रश्न : माझं वय ४७. तीन वर्षांपासून थायरॉइडची ७५ची गोळी चालू आहे, टीएसएच आता नॉर्मल येतं. केस खांद्याखाली वीतभर आहेत, पण राठ झाले आहेत आणि विंचरताना गुंता निघतो तो वेगळाच. दर महिन्याला रंग लावते. पंधरा दिवसांत भांगात पांढरं दिसायला लागतं आणि टोकं तांबूस होतात. पार्लरमधली मुलगी म्हणाली, "काकू, थायरॉइडची गोळी घेताय ना? मग रंग धरणारच नाही." हे खरं का? गोळी थोडे दिवस बंद करून पाहू का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : गोळी बंद करू नका. बाकीचं उत्तर लांबलचक आहे, म्हणून हे आधी सांगून टाकलं.

त्या मुलीचा अंदाज चुकला असला तरी तो तिला का सुचला, हे समजण्यासारखं आहे. मुंबई आणि गोवा धरून आठ शहरांत झालेली एक मोठी पाहणी २०१३मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात शंभर प्रौढांमागे सुमारे अकरा जणांना हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइड ग्रंथीचं काम मंदावणं, आढळलं, आणि त्यांत बायकांचं प्रमाण जास्त होतं. म्हणजे पार्लरच्या खुर्चीत बसणाऱ्या चाळिशीपुढच्या बायकांमध्ये ही गोळी घेणाऱ्या बऱ्याच निघणार. त्यांतल्या कुणाचा रंग उतरला की गोळीवर आळ येतो. ज्यांचा टिकतो त्यांना कोण विचारतं?

ही गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. तुमची ग्रंथी जे थायरॉक्सिन पुरेसं बनवत नाही, तेच बाहेरून दिलेलं. एडवर्ड केंडल यांनी १९१४च्या नाताळात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये ते प्रथम शुद्ध रूपात वेगळं केलं. आज कारखान्यात बनणारा रेणूही तोच आहे. शरीराला तो परका नाही आणि केसात जाऊन रंगाशी भांडण्याचं त्याला काही कारण नाही. रंग न धरण्याची कारणं केसाच्या काडीत शोधावी लागतात, आणि ती काडी कधी बनली हे आधी पाहावं लागतं.

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तुमचे केस खांद्याखाली वीतभर, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत अंदाजे ४५ ते ५० सेंटिमीटर. टोकाचा भाग त्वचेबाहेर आला त्याला चार वर्षं झाली. गोळी सुरू झाली तीन वर्षांपूर्वी. शेवटचे दहा-बारा सेंटिमीटर आजार होता पण उपचार नव्हते, त्या काळातले आहेत. त्वचेबाहेर आलेला केस मृत असतो, त्यामुळे रक्तातलं थायरॉक्सिन कितीही सुधारलं तरी बनून गेलेली काडी सुधारत नाही. तुमचा रिपोर्ट या महिन्याचा आहे आणि टोकं चार वर्षांपूर्वीची. दोन्हींचा मेळ बसत नाही म्हणून गोळी कुचकामी ठरवणं बरोबर नाही.

थायरॉक्सिन कमी पडतं तेव्हा त्वचेतल्या तेलग्रंथी आणि घामग्रंथी मंदावतात. टाळू कोरडी पडते, केस राठ आणि ठिसूळ होतो. त्याच्यावरचे खवले नीट मिटून बसत नाहीत. अशा केसात रंग पटकन शिरतो, पण तितक्याच पटकन धुऊन जातो. त्यातून टोकांवर दर महिन्याला नव्याने रंग चढवला की प्रत्येक वेळी हायड्रोजन पेरॉक्साइड त्यांच्यावर पुन्हा काम करतं. कायमस्वरूपी रंगात ते असतंच. केसाचं स्वतःचं काळं रंगद्रव्य ते थोडं थोडं फिकं करतं, आणि आपल्याकडच्या काळ्या केसांचा काळेपणा फिका झाला की खालून तांबूसपणाच बाहेर येतो. तुमच्या तांबूस टोकांचं कारण बहुधा एवढंच. पार्लरमध्ये सांगा, रंग आधी मुळांना लावा आणि टोकांवर लावायचाच असेल तर शेवटची पाच-दहा मिनिटं. नाहीतर टोकं कापून टाका. मला विचाराल तर दहा सेंटिमीटर कापणं हाच यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, पण लांब केसांच्या बाबतीत हा सल्ला फारसा कुणी ऐकत नाही.

आता भांगातलं पांढरं. पंधरा दिवसांत अर्धा सेंटिमीटर नवा केस बाहेर येतो, तो पांढराच येणार. इथे रंग उतरलेला नसून केस वाढलेला आहे. थायरॉक्सिन फार कमी असताना केसांची वाढ मंदावते. म्हणजे ज्या गोष्टीची तक्रार करताय, ती गोळी लागू पडल्याची खूण आहे. रंग मुळातच चढत नसेल, लावल्याच्या दिवशीही पांढरे केस झळकत असतील, तर गोष्ट वेगळी. पांढरा केस पुष्कळदा जाड आणि चिवट असतो, त्याला रंग पूर्ण वेळ ठेवावा लागतो. आदल्या रात्री डोक्याला भरपूर तेल चोपडलेलं असेल किंवा बोअरच्या जड पाण्याचे क्षार केसांवर बसलेले असतील, तरी रंग नीट चढत नाही. रंगाच्या आदल्या दिवशी केस धुऊन घ्या.

गळण्याबद्दलही सांगायला हवं, कारण गोळी बंद करण्याचा मोह खरा तिथून होतो. कोणत्याही क्षणी आपले बहुतेक केस वाढीच्या अवस्थेत असतात आणि थोडे विश्रांतीत. विश्रांतीतला केस साधारण तीन महिन्यांनी गळतो. रोज ५० ते १०० केस जाणं त्यामुळे स्वाभाविक. थायरॉक्सिन घटलं किंवा वाढलं की एकाच वेळी पुष्कळ केस विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी मुठीमुठीने येतात. म्हणून केस गळायला लागले त्या आठवड्यात काय बदललं हे शोधून उपयोग नसतो, दोन-तीन महिने मागे जावं लागतं. आणखी एक गोष्ट : उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांत काहींचे केस थोडे जास्त गळू शकतात, आणि औषधाच्या माहितीपत्रकात तसं लिहिलेलंही असतं. ते वाचून गोळी सोडणारे पुढे सुस्ती, सूज, वाढतं वजन घेऊन परत येतात, आणि केस गळायचे ते गळतातच. हे गळणं तात्पुरतं असतं. टीएसएच जागेवर यायला सहा ते आठ आठवडे लागतात, केस सावरायला त्यापुढे कित्येक महिने.

तुमचं मात्र तीन वर्षांनंतरही गळतंय, तेव्हा सगळं थायरॉइडच्या खात्यावर टाकू नका. सत्तेचाळिशी म्हणजे पाळी जाण्याचा काळ. भांग रुंद होत जाणं त्या वयात स्वतंत्रपणे घडतं. शरीरातला लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, एकदा तपासा. गोळीचा डोस गरजेपेक्षा जास्त असेल तरीही केस गळतात, पण मग छातीत धडधड, हात थरथरणं, झोप न लागणं अशी लक्षणंही सहसा जोडीला दिसतात. घरच्या घरी एक पाहता येईल. गळलेला केस हातात घ्या. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून सुटलाय. गाठ नसेल तर मधेच तुटलाय, आणि तुटण्याचा दोष रंग, ड्रायर किंवा ओल्या केसांवर चालवलेल्या कंगव्याचा असू शकतो. रंगाने केस मुळापासून उपटत नाहीत, काडी मोडते.

आणि भुवया पाहा. त्यांचा कानाकडचा एक तृतीयांश भाग विरळ होणं हे थायरॉक्सिन कमी असल्याचं जुनं लक्षण आहे. बेल्जियमचे डॉक्टर हर्टोग यांचं नाव त्याला मिळालंय. थ्रेडिंग करणाऱ्यांना ते कळत नाही, कारण तो भाग त्या स्वतःच कोरून घेतात.

प्रश्न : मी २३ वर्षांचा आहे. निम्मे केस पांढरे झालेत. मित्र म्हणतात थायरॉइड असेल. त्याची गोळी घेतली तर केस काळे होतील का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पंचविशीच्या आत केस पांढरे होणं म्हणजे आपल्याकडे अकाली. बहुतेकदा ते घराण्यातून येतं, तेव्हा वडिलांचे, मामांचे तरुणपणीचे फोटो पाहा. तरी एकदा टीएसएच आणि बी-१२ तपासून घ्या, कारण दोन्हींच्या बिघाडाचा अकाली पांढऱ्या केसांशी संबंध आहे. शाकाहारी असाल, त्यातही दूधदुभतं कमी घेत असाल, तर बी-१२ आधी. अंगावर कुठे कोडाचे डाग असतील तर तेही डॉक्टरांना दाखवा. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटण्याचे हे आजार जोडीने येताना दिसतात. डोक्यावर नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडतो ती चाईही त्याच कुटुंबातली.

मित्रांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. २००८मध्ये संशोधकांनी माणसाच्या टाळूतली केसांची मुळं प्रयोगशाळेत वाढवून त्यांवर थायरॉइडची संप्रेरकं घातली, तेव्हा मुळांमध्ये रंगद्रव्य जास्त बनलं आणि वाढीची अवस्था लांबली. पण ते काचेच्या भांड्यात. ग्रंथी धडधाकट असताना वरून थायरॉक्सिन घेतलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि हाडं झिजतात. केस गळतील ते वेगळंच. केस काळे करायला हे औषध नाही.

प्रश्न : डाय लावल्यामुळे थायरॉइड होतो का? मेंदी बरी का?

उत्तर : या भीतीच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. रिसॉर्सिनॉल हे रसायन पुष्कळ डायमध्ये रंग घडवायला वापरतात. पूर्वी त्याचं मलम पायावरच्या जुनाट जखमांना लावत. असं मलम लावणाऱ्या रुग्णांची थायरॉइड ग्रंथी मंदावल्याचं १९५०मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ग्रंथीत संप्रेरक बनवणारं एक एन्झाइम हे रसायन अडवतं. मात्र त्या रुग्णांच्या उघड्या जखमेतून ते दिवसेंदिवस अंगात भिनत होतं. डायमध्ये त्याचं प्रमाण अगदी कमी ठेवतात, ते धडधाकट टाळूवर अर्धा तास राहतं आणि धुऊन जातं. महिन्यातून एकदा रंग लावणाऱ्याने यासाठी झोप घालवू नये. टाळूवर जखम, फोड किंवा चिरा असतील तेव्हा मात्र रंग लावू नका. थायरॉक्सिन कमी असताना टाळू कोरडी असते, रंग चुरचुरतो. तेव्हा हे नीट पाळा.

मला खरी काळजी वाटते ती पीपीडी या रसायनाची. त्याने थायरॉइडला काही होत नाही, पण काहींना त्याची ॲलर्जी येते आणि चेहरा डोळे मिटण्याइतका सुजतो. 'अमोनिया नाही' असं खोक्यावर लिहिलेल्या रंगातही पीपीडी असू शकतं. आणि काळी मेंदी म्हणून जी पुडी मिळते तिच्यात तर बहुधा असतंच, कारण मेंदीच्या पाल्याचा रंग नुसता नारिंगी-तांबडा येतो. लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवून तो गडद करता येतो, काळा कुळकुळीत नाही. पुडी काळाभोर रंग देत असेल तर आत मेंदीशिवाय आणखी काहीतरी आहे. रंग नेहमीचा असला तरी कानामागे थोडा लावून ४८ तास वाट पाहा.

प्रश्न : केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेते. थायरॉइडच्या गोळीबरोबर चालतील का?

उत्तर : बायोटिनची कमतरता फार क्वचित असते, त्यामुळे केसांना फायदा किती होईल याबद्दल मी साशंक आहे. तोटा मात्र नक्की होऊ शकतो, तोही रिपोर्टात. अनेक लॅबमधल्या थायरॉइडच्या चाचण्यांमध्येच बायोटिनचा वापर होतो. केसांच्या गोळीत ते ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं, रोजच्या गरजेच्या शेकडो पट. रक्तात ते इतकं असलं की चाचणी फसते. टीएसएच खोटंच कमी दिसतं, टी-४, म्हणजे थायरॉक्सिन, खोटंच वाढलेलं. डॉक्टरांना वाटतं डोस जास्त झाला. ते डोस कमी करतात, आणि मग खरोखरच केस गळायला लागतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. रक्त द्यायच्या किमान दोन दिवस आधी बायोटिन थांबवा, आणि ते घेता हे डॉक्टरांना व लॅबवाल्यांना सांगा. मल्टिव्हिटॅमिनच्या पाकिटावरही बायोटिन लिहिलेलं आहे का, ते वाचा.

केसांसाठी म्हणून लोह किंवा कॅल्शियम घेत असाल तर थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा, नाहीतर ती गोळी आतड्यातच अडकते. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि चहा त्यानंतर निदान अर्ध्या तासाने.