जुन्या जीपचा जड झालेला फोर-व्हील लिव्हर : निदान व दुरुस्ती

रायपूर परिसरातील कन्हार, म्हणजे भारी काळी चिकण जमीन, पावसाळ्यात चाकाला धरून बसते. बियाणे किंवा खते घेऊन निघालेली जीप अशा जमिनीत केवळ मागच्या दोन चाकांच्या जोरावर निघत नाही. फोर-व्हील ड्राइव्हची गरज तेव्हाच पडते आणि नेमका त्याच वेळी लिव्हर हलत नाही. खरीप संपल्यावर तो पुढील पावसाळ्यापर्यंत कोणी हलविलेलाच नसतो.

दुरुस्तीपूर्वी कोणता लिव्हर जड आहे ते ठरवावे. अनेक जुन्या महिंद्र जीपमध्ये मुख्य गिअर लिव्हरशेजारी ट्रान्सफर केसचे दोन आखूड लिव्हर असतात. एक पुढील ॲक्सल जोडतो, तर दुसरा हाय-लो बदलतो. (मारुती जिप्सीत ही दोन्ही कामे एकच लिव्हर करतो.) दोन लिव्हरच्या रचनेत पुढील ॲक्सल जोडल्याशिवाय लो पडू नये, अशी आतून अडवणूक केलेली असते. तिलाच बिघाड समजून लिव्हरवर पाइप चढवून जोर लावला जातो. त्यात आतील फोर्क वाकतो आणि किरकोळ काम मोठ्या खर्चाचे होते.

मुख्य लिव्हर जड असल्यास इंजिन बंद करून सर्व गिअर टाकून पाहावेत. बंद इंजिनावर ते सहज पडत असतील आणि चालू इंजिनावर अडत असतील, तर दोष क्लचचा असतो. पेडलची मोकळी चाल तपासून जोडणी नीट करावी. गिअरबॉक्स उघडण्याचे कारण नाही.

ट्रान्सफर केसचे दोन्ही लिव्हर बहुधा एकाच पिनवर फिरतात. चिखल-पाण्याने ही पिन गंजणे हेच सर्वाधिक आढळणारे कारण आहे. लिव्हरभोवतीचे रबर काढून चिखल धुवावा, पिनेवर गंज सोडविणारे तेल टाकून ते रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी लिव्हर हलक्या हाताने मागेपुढे करावा. पिन सुटल्यावर ग्रीस निपलमधून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे. फाटलेले रबर त्याच वेळी बदलावे, अन्यथा पुढील रोवणीत तोच त्रास होतो.

तेलही पाहावे. ते दुधाळ दिसल्यास आत पाणी गेले आहे, असे समजून बदलावे. मात्र तेल सोडण्यापूर्वी भरण्याचा नट उघडतो की नाही, याची खात्री करावी. तेलाची श्रेणी वाहनाच्या पुस्तिकेप्रमाणेच असावी; कोणतेही जाड तेल चालते, हा समज चुकीचा आहे.

डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून वळणे घेतल्यास पुढची व मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, शाफ्टवर ताण साचतो आणि लिव्हर निघत नाही. अशा वेळी वाहन सरळ रेषेत काही मीटर मागे घ्यावे. ताण सुटताच लिव्हर मोकळा होतो. चारही टायर सारख्या आकाराचे नसल्यास सरळ रस्त्यावरही असा ताण येतो.

एवढे करूनही लिव्हर जड राहिल्यास मात्र ट्रान्सफर केस उघडून फोर्क व शिफ्टर रॉड तपासून घ्यावेत.