लेबल चौघं मिळून बनवताय? आधी चिन्हांचे अर्थ ठरवा

लेबलचं डिझाइन ऑनलाइन कसं करून घ्यायचं, हे व्हिडिओत पाहिलं. आज त्यातला एकच मुद्दा नीट समजून घेऊ: चिन्हं.

समजा, तुम्ही घरगुती मसाला विकता. डिझायनर दुसऱ्या गावात, पॅकिंग बघणाऱ्या वहिनी घरी, प्रिंटर तिसरीकडे. कॅनव्हाच्या एकाच लिंकवर सगळे डिझाइन बघतात. तुम्ही म्हणता, "एक हिरवं पान टाका." तुमच्या मनात पान म्हणजे 'केमिकल नाही'. डिझायनरला वाटतं 'आयुर्वेदिक'. गिऱ्हाईक समजतं 'ऑर्गॅनिक'. पान एक, अर्थ तीन! आणि हजारो पाउच छापून आले की ते पैसे गेले म्हणून समजा.

१. आधी तक्ता करा. चार रकाने: चिन्ह, अर्थ, जागा, रंग. उदा. एक मिरची म्हणजे कमी तिखट, तीन म्हणजे झणझणीत. हा तक्ता डिझाइनच्याच फाइलमध्ये पहिल्या पानावर ठेवा. ज्या चिन्हाचा अर्थ एका ओळीत सांगता येत नाही, ते काढून टाका.

२. कायद्याच्या चिन्हात कलाकारी नको. शाकाहारी म्हणजे हिरव्या चौकटीत हिरवा भरीव गोल. मांसाहारी म्हणजे तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण. अंडं घातलेला केकही यातच येतो. गोलाला नक्षी नको, रंग ब्रँडला मॅच करायला नको. 'जैविक भारत'चा लोगो तर प्रमाणपत्राशिवाय लावायचाच नाही.

३. फक्त रंगावर विसंबू नका. काहींना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. गोल आणि त्रिकोण मात्र आकारावरूनच ओळखू येतात. तुमच्या पाकिटांनाही हेच लागू करा. कमी तिखट हिरवं आणि जास्त तिखट लाल, एवढंच पुरत नाही. सोबत मिरच्यांची संख्या आणि शब्दही हवा.

४. सूचना नेमकी द्या. "जरा उठावदार करा" यावर डिझायनर काय करणार? "मिरची दुप्पट मोठी करा, नावाच्या उजवीकडे घ्या" असं त्या चिन्हावरच कमेंट टाकून लिहा. बाकीच्यांना फक्त कमेंटची परवानगी द्या, बदल डिझायनरच करेल. शेवटचा होकार एकाच माणसाचा.

५. खऱ्या मापात प्रिंट काढा. मोबाईलवर झूम करून सगळंच छान दिसतं. साध्या कागदावर लेबलच्या मापाची प्रिंट काढा, पाकिटाला चिकटवा आणि हातभर लांबून बघा. स्क्रीनवरचा हिरवा छपाईत गडदही येऊ शकतो, म्हणून प्रिंटरकडून एक नमुना मागा.

आजचा होमवर्क: ते पाकीट तुमचा धंदा माहीत नसलेल्या पाच जणांना दाखवा. "हे चिन्ह काय सांगतं?" एवढंच विचारा. तुम्ही समजावून सांगू नका, कारण दुकानाच्या फळीवर तुम्ही शेजारी उभे नसणार. उत्तरं वेगवेगळी आली, तर ऑर्डर थांबवा आणि तक्ता पुन्हा उघडा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!