बदनामी : एका शब्दाचे दूरचे नातेवाईक

जयपूर शहरात त्रिपोलियाजवळ ईसरलाट नावाचा उंच मनोरा आहे. महाराजा ईश्वरीसिंह यांनी १७४९ च्या सुमारास आपल्या विजयाचे स्मारक म्हणून तो उभारला. डिसेंबर १७५० मध्ये मल्हारराव होळकरांचे सैन्य थकलेल्या खंडणीच्या वसुलीसाठी जयपूरवर चालून आले. रक्कम चुकती करणे शक्य नव्हते. ईश्वरीसिंहांनी स्वतःचे जीवन संपविले. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. राजाला या अवस्थेस आणणारे सैन्य आपले होते.

मान जाण्याच्या अशा प्रसंगासाठी मराठीत अनेक शब्द आहेत : अपकीर्ती, बेअब्रू, नामोशी, बदनामी. त्यांपैकी ‘बदनामी’ आपण जवळून पाहू.

हा शब्द फारसीतून आला. ‘बद’ म्हणजे वाईट आणि ‘नाम’ म्हणजे नाव. फारसी ‘नाम’ आणि संस्कृत ‘नामन्’ हे सख्खे भाऊ आहेत. त्यांचा एक भाऊ दूर युरोपात गेला. तो म्हणजे लॅटिनमधील ‘नोमेन’. या ‘नोमेन’ला नकारार्थी उपसर्ग लागून ‘इग्नोमिनिया’ हा शब्द तयार झाला. त्याचा मूळ भाव ‘नाव जाणे’ असा आहे. स्पॅनिश भाषेत तो ‘इग्नोमिनिया’ असाच राहिला, फ्रेंचमध्ये ‘इग्नोमिनी’ झाला, इंग्रजीत ‘इग्नॉमिनी’ झाला. (इंग्रजी ‘बॅड’ आणि फारसी ‘बद’ यांचे मात्र काहीही नाते नाही. उच्चार व अर्थ जुळले, हा केवळ योगायोग!)

प्राचीन रोममध्ये हा शब्द नुसता भावनेचा नव्हता. तेथे ‘सेन्सॉर’ नावाचे अधिकारी ठरावीक वर्षांनी नागरिकांची नोंद करीत. ज्याचे वर्तन हीन ठरे, त्याच्या नावापुढे ते खूण करीत. सभासदाला त्यामुळे सेनेटमधील जागा गमवावी लागे. या कलंकाला ‘इग्नोमिनिया’ म्हणत. सैन्यातून अपमानास्पद रीतीने काढून टाकलेल्या शिपायाच्या बाबतीतही हाच शब्द वापरला जाई. नावावरची एक खूण माणसाचे समाजातील स्थान हिरावून घेऊ शकत होती. आपल्याकडे ‘नाव घालविलेस’ असे घरातील वडीलधारे म्हणतात, तेव्हा त्यांच्याही मनात अशीच एक नोंदवही असते.

‘नामोशी’ शब्दाने फसू नका. त्यातही ‘नाम’ दिसते. परंतु तो ‘नामूस’ म्हणजे अब्रू या अरबी-फारसी शब्दावरून आला आहे, आणि ‘नामूस’चे मूळ ग्रीक ‘नोमोस’ म्हणजे कायदा या शब्दात आहे. अब्रू सांगणाऱ्या शब्दाला मराठीत अब्रू जाण्याचा अर्थ चिकटला.

पाठगत प्रश्न : ‘नाव काढणे’, ‘नाव ठेवणे’ आणि ‘नाव बुडविणे’ या वाक्प्रचारांचे अर्थ लिहा. त्यांपैकी कोणता ‘इग्नोमिनिया’ला सर्वांत जवळचा वाटतो, ते सकारण सांगा.