मागून गाडी ठोकली, तर पैसे कोण भरणार?



समजा, तुमचा मसाल्याचा छोटा उद्योग आहे. माल पोचवायला एक टेम्पो, त्यावर पगारी ड्रायव्हर. एक दिवस त्याचा फोन येतो, "साहेब, पुढच्या कारवाल्याने अचानक ब्रेक मारला, आपली गाडी मागून बसली. चूक त्याचीच आहे!"

चूक खरंच त्याची आहे का?

नियम सांगतो की पुढची गाडी अचानक थांबली तरी धडक बसणार नाही, इतकं अंतर मागच्याने ठेवायचं. म्हणून बहुतेक वेळा दोष मागच्याकडे जातो. पण दर वेळी पूर्ण नाही. कोइमतूरच्या एका प्रकरणात हायवेवर कारने इशारा न देता ब्रेक मारला. मागचा दुचाकीस्वार कारला धडकून पडला आणि मागून आलेली बस त्याच्या अंगावरून गेली. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष असा वाटला: कार ५० टक्के, बस ३० टक्के, दुचाकीस्वार २० टक्के. म्हणजे "अचानक ब्रेक मारला" हे नुसतं बोलून चालत नाही, दाखवावं लागतं. डॅशकॅम, फोटो, साक्षीदार, जवळच्या दुकानाचा सीसीटीव्ही, हे सगळं त्याच दिवशी गोळा करा.

आता पैशाचं बघू. ड्रायव्हर कामावर असताना चुकला, तर भरपाईची जबाबदारी मालकावरही येते. विमा इथेच कामाला येतो:

१. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. समोरच्याच्या इजेला किंवा मृत्यूला त्यात रकमेची मर्यादा नाही. त्याच्या गाडीच्या नुकसानीला साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं.
२. स्वतःच्या टेम्पोची दुरुस्ती त्यात येत नाही. त्यासाठी 'ओन डॅमेज' कव्हर लागतं.
३. टेम्पोतला माल गाडीच्या विम्यात धरला जात नाही. त्याचा वेगळा ट्रान्झिट विमा असतो.

आणि नवे उद्योजक हमखास करतात ती चूक: घरची पांढऱ्या नंबर प्लेटची कार माल पोचवायला वापरणं. खासगी पॉलिसीत मालवाहतूक बसत नाही, त्यामुळे क्लेम नाकारला जाऊ शकतो. हप्ता वाचवायला जाऊन धंद्याचं भांडवल पणाला लागतं!

अपघात झालाच, तर आधी जखमीला दवाखान्यात न्या. मग पोलीस आणि विमा कंपनीला कळवा. रस्त्यावर "आमचीच चूक, भरून देतो" असं लिहून देऊ नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कबुली किंवा तडजोड करायची नाही, ही पॉलिसीचीच अट असते.

आजचा गृहपाठ: पॉलिसी काढा, 'वापराची मर्यादा' हा भाग वाचा आणि ड्रायव्हरच्या लायसन्सची मुदत तपासा. पॉलिसीत काय सापडलं ते कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!