जुनी डिझेल पिकअप विकताना : दोष सांगा, नाव उतरवा

सोलापूरच्या मार्केट यार्डात कांदा आणणारी किंवा कारखान्यातून चादर-टॉवेलचे गठ्ठे वाहणारी पिकअप रोज दीडशे किलोमीटर धावते असे धरले, तर वर्षाला तीनशे दिवसांच्या हिशेबाने पाच वर्षांत सव्वादोन लाख किलोमीटर होतात. अशी गाडी विकायला काढली की मालकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. बारीकसारीक दुरुस्ती करून विकावी की आहे तशी? आणि गाडी दारातून गेल्यावर तिची जबाबदारी कोणाची?

आधी दुरुस्तीचा विचार करू. दिवे, हॉर्न, वायपर, हँडब्रेक ही कामे करूनच घ्यावीत. खर्च थोडा असतो आणि फिटनेस तपासणीतही ती पाहिली जातात. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीचा फिटनेस दरवर्षी करावा लागतो. तो संपत आला असेल तर गिऱ्हाईक भाव पाडणारच. बॅटरी उतरली असेल किंवा हीटर प्लग गेला असेल तर गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही आणि सौदा तेथेच मोडतो. म्हणून हेही काम करून घ्यावे.

नव्या रंगावर मात्र पैसे घालू नयेत. तो खर्च क्वचितच वसूल होतो, उलट जुन्या गाडीवर ताजा रंग पाहून जाणकार गिऱ्हाईक बिचकतो. पाटे, क्लच, स्टिअरिंग यांचे काम निघाले असेल तर मिस्त्रीकडून खर्चाचा अंदाज लिहून घ्यावा आणि तो गिऱ्हाइकापुढे ठेवावा. समजा अंदाज बारा हजारांचा आहे, तर भावातून बारा हजारच कमी होतील. कागद नसेल तर गिऱ्हाईक मनाने तीस हजार धरतो.

इंजिनाची परीक्षा गिऱ्हाइकाचा मिस्त्री धुरावरून करतो. काळा धूर बहुधा एअर फिल्टर किंवा नोझलचा असतो आणि तो थोडक्यात निस्तरतो. इंजिन तापल्यावरही निळा धूर येत असेल तर ऑइल जळत आहे, म्हणजे काम मोठे आहे. जाड ऑइल घालून हे झाकण्याचा किंवा मीटर मागे फिरवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे दोष मुद्दाम दडवणे ही फसवणूक आहे व त्यामुळे खरेदीदाराला सौदा रद्द करता येतो. मालातील ऐब सांगूनच तो विकावा, हा शरीअतचा नियम तर आपल्या वाचकांना ठाऊकच आहे.

आता कागदपत्रांकडे वळू. बरेचजण पैसे घेतात, सह्या केलेले कोरे फॉर्म देतात आणि विसरून जातात. खरा धोका येथेच आहे. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात गाडी २००७ साली विकली गेली होती. पुढे ती अनेक हातांतून फिरली आणि २००९ साली अपघात झाला. नोंदणी मात्र पहिल्या मालकाच्याच नावावर होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावरच टाकली.

म्हणून पुढील गोष्टी कराव्यात :

१) बँकेचे कर्ज फिटले असल्यास ना हरकत पत्र व फॉर्म ३५ देऊन आर.सी.वरील बोजा उतरवावा. थकलेली चलने व कर भरून टाकावा.

२) राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत फॉर्म २९ ने आर.टी.ओ.ला कळवावे. घेणाऱ्याने फॉर्म ३० सह ३० दिवसांत गाडी नावावर करून घ्यावी.

३) गिऱ्हाईक विजापूर, गुलबर्ग्याकडचा असेल तर राज्य बदलते. तेव्हा फॉर्म २८ चे ना हरकत प्रमाणपत्र आधी काढावे.

४) विमा आपल्या नावावर करण्यासाठी घेणाऱ्याने १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा.

५) एजंटाकडे गाडी सोपवायची असेल तर तो आर.टी.ओ.चा अधिकृत डीलर आहे का, हे पाहावे. एप्रिल २०२३ पासून तशी नोंदणी आहे.

ताबा देताना तारीख, वेळ, मीटरचा आकडा व सांगितलेले दोष लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि दोन साक्षीदार घ्यावेत. शेवटचा हप्ता, थोडा का होईना, नाव बदलेपर्यंत राखून ठेवण्याची अट घेणाऱ्याने घातली तर ती मान्य करण्यात तोटा नाही, कारण त्यामुळे नाव बदलण्याची घाई दोघांनाही राहते. गाडी आपल्या दारातून गेली म्हणजे विकली गेली असे समजू नये. नोंदणीतून आपले नाव उतरले की मगच व्यवहार संपतो.