तुर्की लोकांचे अभिवादन आणि शिष्टाचार : आपल्या वर्गासाठी एक धडा



मागच्या महिन्यात चौथीच्या वर्गात एका मुलाने मला विचारलं, "मॅडम, ते लोक आजीच्या हाताची पापी घेऊन हात कपाळाला का लावतात?" त्याची आई मोबाईलवर हिंदीत डब केलेली तुर्की मालिका बघते, त्यात त्याने हे पाहिलं होतं. सगळा वर्ग खो-खो हसला. मी म्हटलं, "आपण आजीच्या पाया पडतो, ते बघून तिकडचा मुलगा हसला तर?" वर्ग एकदम शांत. त्या दिवशी भिंतीवरच्या नकाशात आम्ही तुर्कस्तान शोधला. राजधानी अंकारा, आणि आशिया व युरोप अशा दोन खंडांत पसरलेलं इस्तंबूल शहर. त्यातूनच हा पाठ तयार झाला.

१) भेटल्यावर काय म्हणतात?

सर्वसाधारण अभिवादन म्हणजे 'मेरहाबा'. सकाळी 'ग्युनायदिन', म्हणजे दिवस उजाडला. अनेक जण 'सेलामुन आलेयकुम' असंही म्हणतात. ओळखीचे लोक हस्तांदोलन करतात, जवळचे असतील तर दोन्ही गालांना गाल लावतात. पुरुष-पुरुषही असंच भेटतात. मात्र काही धार्मिक वळणाच्या घरांत परक्या स्त्री-पुरुषांनी हात मिळवायची पद्धत नाही. तिथे बाईने हात पुढे केला तरच मिळवायचा, नाहीतर हात छातीवर ठेवून मान लववायची.

शाळेतला प्रकार मुलांना फार आवडला. शिक्षक वर्गात येऊन 'ग्युनायदिन' म्हणतात आणि मुलं उभी राहून एका सुरात 'साऽ ओल!' म्हणतात. साऽ ओल म्हणजे धन्यवाद, शब्दशः 'निरोगी राहा'.

२) तू आणि तुम्ही

आपल्यासारखंच त्यांच्याकडेही 'सेन' म्हणजे तू आणि 'सिझ' म्हणजे तुम्ही. वडीलधाऱ्यांना, अनोळखी माणसांना 'सिझ'. नावापुढे पुरुषाला 'बेय' आणि स्त्रीला 'हानिम' लावतात, जसं आपण राव आणि ताई लावतो. दुकानदार, रिक्षावाला, शेजारी यांना नात्याने हाक मारायची सवय तिकडेही आहे : मोठ्या भावाला 'आबी', ताईला 'आब्ला', काकांना 'आमजा', मावशीला 'तेयझे'.

३) सणाच्या दिवशी हाताला ओठ, मग कपाळ

आता त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर. ईदला, ज्याला तिकडे 'बायराम' म्हणतात, लहान मुलं घरातल्या थोरांचा उजवा हात हातात घेऊन त्याला ओठ लावतात आणि मग तो आपल्या कपाळाला टेकवतात. आजी-आजोबा आशीर्वाद देतात, गोळ्या-चॉकलेट किंवा थोडे पैसे हातावर ठेवतात. आपला वाकून नमस्कार आणि हा, दोन्हींत भाव एकच.

४) पाहुणा घरी आला की

दारात 'होश गेल्दिनिझ' म्हणजे छान झालं आलात. पाहुण्याने गप्प बसायचं नाही, 'होश बुल्दुक' म्हणजे आम्हालाही छानच वाटलं, असं उत्तर द्यायचं. चपला-बूट काढायचे, यजमान घरात घालायला सपाता देतात. मग पाहुण्याच्या तळहातावर लिंबाच्या वासाचं 'कोलोन्या' ओततात आणि कमरेत बारीक असलेल्या काचेच्या ग्लासात चहा येतो. चहाला तिकडे 'चाय'च म्हणतात, आणि पाहुण्याला 'मिसाफिर'. आपण प्रवाशाला मुसाफिर म्हणतो, मूळ अरबी शब्द एकच! शेजाऱ्याचं ताट रिकामं परत करायचं नाही, हेही आपल्यासारखंच.

निरोपाला राहणारा माणूस 'ग्युले ग्युले' म्हणतो, अर्थ 'हसत हसत'. आपणही 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो ना? लांबच्या प्रवासाला निघालेल्याच्या मागे पाणी ओततात, पाण्यासारखा सुखरूप जा आणि तसाच परत ये म्हणून.

५) प्रसंगानुसार ठरलेली वाक्यं

या पाठातला सर्वांत मोलाचा भाग मला हा वाटतो.

- काम करणाऱ्याला : 'कोलाय गेल्सिन' (काम सोपं जावो)
- स्वयंपाक करणाऱ्याला : 'एलिनिझे साऽलिक' (तुमच्या हातांना आरोग्य लाभो). त्यावर उत्तर : 'आफियेत ओल्सुन' (अंगी लागो)
- आजारी माणसाला : 'गेचमिश ओल्सुन' (दुखणं सरून जावो)
- दुःखाच्या घरी : 'बाशिनिझ साऽ ओल्सुन' (तुम्ही सुखरूप राहा)
- केस कापून किंवा अंघोळ करून आलेल्याला : 'सिहात्लेर ओल्सुन' (आरोग्य लाभो)

रस्ता झाडणारा असो की कार्यालयातला साहेब, 'कोलाय गेल्सिन' दोघांनाही म्हणतात. काम लहान की मोठं हे बघत नाहीत.

वर्गात काय घडलं?

मी फळ्यावर ही वाक्यं लिहिली आणि विचारलं, "आपल्या शाळेत हे कोणाला म्हणता येईल?" एक मुलगी म्हणाली, "खिचडीवाल्या मावशींना." खरं सांगते, मला ओशाळल्यासारखं झालं. मी या शाळेत सहा वर्षं आहे. मुलांना रोज 'गुड मॉर्निंग'चा सूर लावायला शिकवते, पण मावशींना जेवण छान झालंय असं मी स्वतः कधी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी ताटं घेताना मुलं एकेक करून म्हणाली, "एलिनिझे साऽलिक, मावशी!" मावशींना काहीच कळेना. अर्थ सांगितल्यावर त्यांनी पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, "माझ्या हातांचं नाव कोणी घेतलं नव्हतं बाई."

आता आमच्या वर्गात हे वाक्य मराठीत म्हटलं जातं : "मावशी, हाताला चव आहे तुमच्या." मीही म्हणते.

उपक्रम

१. मुलांनी आजी-आजोबांना विचारून आपल्या बोलीतली अभिवादनं लिहून आणावीत (राम राम, जोहार, सलाम, जय भीम, जय जिजाऊ इत्यादी).
२. जोड्या करून पाहुणा आणि यजमान यांचा प्रसंग तुर्की व मराठी अशा दोन्ही पद्धतींनी सादर करावा.
३. आठवड्यात एकदा, ज्याच्याशी आपण एरवी बोलत नाही अशा काम करणाऱ्या माणसाला चार चांगले शब्द बोलावेत.

पालकहो, तिसरा उपक्रम आपल्यासाठीही आहे. मूल आपलं बोलणं ऐकूनच शिकतं.

कोलाय गेल्सिन!